आप्पांचा डावा स्वरतंतू

अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या एका बाजार समितीत आप्पा धान्याचा लिलाव पुकारायचे. वय ५४. ओट्यावर दादर ज्वारी, हरभरा, मक्याचे ढीग लागलेले, मागे व्यापाऱ्यांचा घोळका आणि सगळ्यांच्या पुढे आप्पा. एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकत भाव चढवत न्यायचा, शेवटचा आकडा तीनदा पुकारायचा आणि सौदा पक्का करायचा. ट्रॅक्टरची धडधड, हमालांची आरडाओरड, पत्र्याच्या शेडमध्ये घुमणारा गोंगाट, या सगळ्याच्या वर जाणारा आवाज एवढंच त्यांचं भांडवल. जुलैमध्ये ते जळगावला माझ्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात आले तेव्हा टेबलापलीकडचं त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून मला पंखा बंद करावा लागला.

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं याचं कारण, त्यांच्या घरचे पहिल्या भेटीपासून एकच प्रश्न धरून बसले होते: "साहेब, इम्प्लांट कोणतं चांगलं?" कुणीतरी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता, कुणीतरी महागडा इम्प्लांट बसवला की शंभर टक्के आवाज परत येतो असं सांगितलं होतं. आप्पांचा डावा स्वरतंतू लुळा पडला होता आणि त्यामुळे दोन तंतूंमध्ये फट राहत होती. इम्प्लांट म्हणजे त्या लुळ्या तंतूला आत ढकलून धरणारा तुकडा. माझं मत आधीच सांगून टाकतो. इम्प्लांट कशाचा आहे हा या आजारातला तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. फट कुठे आहे, किती आहे, ती कधीपासून आहे आणि ऑपरेशनच्या वेळी रुग्ण जागा राहून बोलू शकेल का, हे आधी ठरतं.

जुलैच्या आधीचे चार महिने

शिमग्याच्या सुमारास सर्दी-तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत आवाज गेला. घसा बसला असेल म्हणून ज्येष्ठमध, हळद-दूध, वाफारा झाला. मग गोळ्यांचा एक कोर्स, मग दुसरा. एका ठिकाणी आम्लपित्ताचं औषध दीड महिना चाललं. तोवर नव्या तक्रारी सुरू झाल्या. आप्पांच्याच शब्दांत सांगायचं तर, "पानी पेतांना ठसका लागस, आनि दोन शब्द बोलनू की दम भरास." दम लागतो म्हटल्यावर गाडी हृदयाकडे वळली. ईसीजी झाला, टूडी एको झाला, दोन्ही चांगले निघाले. पोतं उचलताना पूर्वीसारखा जोर लागत नाही हेही ते सांगत होते, पण त्याचा आवाजाशी संबंध असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

खरं म्हणजे ही चारही लक्षणं एकाच गोष्टीची होती. बोलताना, गिळताना, खोकताना आणि ओझं उचलताना स्वरयंत्रातले दोन्ही तंतू एकमेकांना येऊन भिडावे लागतात. ते भिडले नाहीत तर बोलताना हवा वाया जाते आणि माणूस दोन शब्दांमागे श्वास घेत राहतो. पाण्यासारखा पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो. खोकला पोकळ येतो. आणि छातीत हवा कोंडून धरता येत नसल्यामुळे वजन उचलायला जोर मिळत नाही. फुप्फुसं आणि हृदय शाबूत असूनही आप्पांना दम लागत होता तो असा.

या चार महिन्यांत घशाच्या आत डोकावून कुणीच पाहिलं नव्हतं. मला कुणा एकाला दोष द्यायचा नाही. तालुक्याच्या ठिकाणी घशाची दुर्बीण दर दवाखान्यात नसते. पण नियम साधा आहे: आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र डोळ्यांनी पाहायचं. तंबाखू-विडी असेल, वजन घटत असेल, गळ्यात गाठ लागत असेल तर चार आठवडेही थांबायचं नाही. आप्पा तंबाखू मळायचे. त्यांच्या बाबतीत वेळ गेला तो या दृष्टीने जास्त चिंतेचा होता.

दुर्बिणीत काय दिसलं

नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घातली. उजवा तंतू श्वासागणिक नीट उघडत-मिटत होता. डावा जागचा हलत नव्हता, मधल्या रेषेपासून थोडा बाहेर, किंचित वाकलेला. दोन फळ्यांच्या दारातली एक फळी अर्धवट उघडी अडकून बसावी आणि दुसरी येऊन नुसती हवेत थांबावी, तसं ते दिसत होतं. "आऽऽ" म्हणायला लावलं. निरोगी प्रौढ पुरुष एका श्वासात पंधरा-वीस सेकंद सहज ओढतो. आप्पांचा आवाज पाच सेकंदांत संपला, आणि त्या पाच सेकंदांतही निम्मी हवाच होती.

पुरुषाच्या बोलण्यात हे तंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर येऊन थडकतात. ते साध्या डोळ्यांना दिसणं शक्य नाही, म्हणून स्ट्रोबोस्कोपी करतात. लुकलुकणाऱ्या प्रकाशात ती हालचाल संथ झाल्यासारखी दिसते. आप्पांच्या स्ट्रोबमध्ये फट मुख्यतः पुढच्या आणि मधल्या भागात होती. मागे, जिथे तंतू हलवणारी छोटी कूर्चा असते, तिथली फट लहान होती आणि दोन्ही तंतूंच्या पातळीत फारसा फरक नव्हता. ही नोंद पुढे महत्त्वाची ठरली.

आणखी एक गोष्ट दिसली. खऱ्या तंतूंच्या वर जे खोटे तंतू असतात, ते आप्पा जिवाच्या आकांताने आवळत होते. फट भरत नाही म्हटल्यावर शरीर असे आडमार्ग काढतं. त्यातून घशात दुखणं, मानेच्या शिरा ताठणं, संध्याकाळी बोलायला नको वाटणं हे ओघानेच येतं.

मग मी एक अगदी जुनी, बिनपैशाची चाचणी केली. त्यांच्या गळ्याच्या घाटीची डावी बाजू अंगठ्याने हळूच आत दाबली आणि बोलायला सांगितलं. आवाज एकदम घट्ट झाला. मुलगा खुर्चीतून उठलाच. अंगठा काढला की पुन्हा हवा. ऑपरेशन यापेक्षा वेगळं काही करत नाही, फक्त तो अंगठा कायमचा आत ठेवून देतं, असं मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलं, आणि लगेच पुढचा प्रश्न आला: "मग उद्याच करून टाकू ना?"

उद्याच का नाही

आधी कारण शोधायचं होतं. स्वरतंतूंना हलवणारी नस मेंदूकडून सरळ घशात येत नाही. मानेतून खाली छातीत उतरते, वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिकेच्या खाचेतून परत वर चढते. उजवीकडची नस खांद्याकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते, म्हणजे बरीच वर. डावी मात्र थेट हृदयाजवळच्या महाधमनीच्या कमानीखालून फिरून येते. त्यामुळे डावा तंतू लुळा पडला की आम्हाला घशाइतकीच छातीची काळजी लागते. फुप्फुसाचा कर्करोग, छातीतल्या गाठी, महाधमनीचा फुगवटा, थायरॉइड, अन्ननलिका, यांतलं काहीही त्या लांबलचक वाटेवर कुठेही नसेला धरू शकतं. गळ्यावरची, विशेषतः थायरॉइडची शस्त्रक्रिया हे तर नेहमीचं कारण, पण आप्पांच्या गळ्याला कधी सुरी लागलेली नव्हती.

कवटीच्या तळापासून छातीच्या मध्यापर्यंत सीटी स्कॅन केला. तीन दिवसांनी रिपोर्ट आला तेव्हा घरातले पाचजण आले होते. गाठ नव्हती. डाव्या फुप्फुसाच्या टोकाला जुना व्रण होता, आखडलेला. विचारल्यावर कळलं, वीसेक वर्षांपूर्वी आप्पांनी टीबीचा पूर्ण कोर्स घेतला होता. ही गोष्ट आधी कुणी विचारली नव्हती आणि त्यांनीही सांगितली नव्हती. आमच्या भागात टीबी होऊन गेल्याचं माणसं सोयरिकीच्या भीतीने लपवतात, ती सवय पोरं-बाळं उजवल्यावरही जात नाही.

टीबीचा व्रण आखडत जाऊन नसेला ओढू शकतो, हे माहीत असलेलं कारण आहे. पण आवाज सर्दीनंतर दोन दिवसांत गेला होता, आणि विषाणूंमुळे नस सुजून तंतू लुळा पडला असं ज्यांच्या बाबतीत मानलं जातं, असे रुग्णही पुष्कळ असतात. दोनांपैकी कोणतं, याचा निकाल स्कॅनवर लागत नाही. फरक मात्र मोठा. व्रण असेल तर नस सुधारण्याची आशा कमी. विषाणू असेल तर काहींची नस आपोआप भानावर येते, आणि यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या सहा ते बारा महिन्यांत येते. म्हणून नस कापली गेल्याची खात्री नसेल तेव्हा कायमचा इम्प्लांट नऊ-बारा महिने लांबवतात. स्वरयंत्राची ईएमजी, म्हणजे स्नायूंतले विजेचे संकेत मोजणारी चाचणी, केली तर थोडा आधी अंदाज येतो, पण ती मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी होते आणि तिचाही निकाल काळा-पांढरा नसतो. आम्ही ती केली नाही.

पण थांबायचं म्हणजे या माणसाला अजून आठ महिने पाण्याला ठसकत आणि बिनआवाजाचं बसवून ठेवायचं का? जुन्या काळी तेच करत. मला ते मान्य नाही. लुळ्या तंतूत तात्पुरतं द्रव्य टोचून त्याला फुगवता येतं. जेलफोम महिना-दीड महिना टिकतो, हायल्युरॉनिक आम्लाची जेल काही महिने, कॅल्शियम हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट वर्षभर किंवा त्याहून थोडं जास्त. पोटाची चरबीही वापरतात, तिचा किती भाग शोषला जाईल ते मात्र आधी सांगता येत नाही. मी जेल निवडली. नस पुढे सुधारलीच तर तंतू मोकळा असावा, हा विचार.

घाटीच्या खाली सुई घालून, वरून दुर्बिणीत पाहत, अर्ध्या-पाऊण मिलीच्या आसपास जेल टोचली. भूल फक्त जागेपुरती. उठून बसल्यावर आप्पा पहिलं वाक्य मला नाही, मुलाला बोलले. दुसऱ्या दिवशी पाणी बिनठसक्याचं गेलं. "आऽऽ" अकरा सेकंदांवर आला. तोवर वाचा-उपचाराच्या ताईंनी त्यांना दोन गोष्टी शिकवल्या: आवळून बोलायचं नाही, आणि ठसका लागेलसं वाटलं तर डावीकडे मान वळवून घोट घ्यायचा. लुळी बाजू जिकडे, मान तिकडे. त्यामुळे घोट धडधाकट बाजूने उतरतो. इतकी फुकटची युक्ती चार महिन्यांत कुणी सांगितली नव्हती.

या टोचणीचा आणखी एक उपयोग असतो, तो लोकांच्या लक्षात येत नाही. कायमचा इम्प्लांट बसवल्यावर साधारण कसा आवाज मिळेल, याची ती रंगीत तालीम असते. जेलने अजिबात फरक पडला नसता तर मी इम्प्लांटचं नावही काढलं नसतं.

कोणतं चांगलं?

डिसेंबरात, कापसाच्या गाड्यांची गर्दी असताना, आवाज पुन्हा पातळ व्हायला लागला. जेल विरत होती. जानेवारीत दुर्बिणीने पाहिलं, मार्चमध्ये पुन्हा पाहिलं. डावा तंतू जागचा हलला नव्हता आणि आता थोडा बारीकही झाला होता. वर्ष उलटलं होतं. आता "कोणतं चांगलं" या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली.

लुळ्या तंतूला मध्ये ढकलण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. ब्रूनिंग्स या जर्मन डॉक्टरने १९११ मध्ये तंतूत पॅराफिन टोचलं होतं. ते वितळून इकडेतिकडे सरकायचं. १९६०च्या दशकात टेफ्लॉनची पेस्ट आली आणि बरीच चालली, पण पुढे काही रुग्णांत तिच्याभोवती गाठी धरू लागल्या आणि त्या काढणं मुळापेक्षा अवघड झालं. तंतूच्या आत परकी वस्तू कायमची घालू नये, हा धडा तिथून मिळाला. क्योटोच्या नोबुहिको इस्शिकी यांनी १९७४ मध्ये वेगळा रस्ता मांडला. तंतूला हात लावायचाच नाही, बाहेरच्या कूर्चेच्या चौकटीवर काम करायचं. त्यांनी चार प्रकार सांगितले, त्यातला पहिला प्रकार म्हणजे ज्याला आपण आज थायरोप्लास्टी म्हणतो: घाटीच्या कूर्चेत छोटी खिडकी पाडायची आणि तिच्यातून काहीतरी आत सरकवून तंतूला मध्यरेषेकडे नेऊन ठेवायचं.

ते "काहीतरी" म्हणजे इम्प्लांट. सिलिकॉनचा ठोकळा टेबलावरच कोरून घेता येतो. गोरटेक्स या मऊ पदार्थाची पट्टी घडीघडीने आत भरतात, कमी वाटली की अजून थोडी, जास्त वाटली की थोडी बाहेर. माँटगोमेरी संचात वेगवेगळ्या मापांचे तयार तुकडे येतात, पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे, कारण स्त्रियांची कूर्चा लहान असते. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे आणि टायटॅनियमचेही आहेत. तयार संचांनी वेळ वाचतो, पण ते महाग पडतात. सिलिकॉनचा ठोकळा त्या मानाने किरकोळ, मात्र तो कोरणारा हात सरावाचा हवा. आवाजाच्या निकालात यांपैकी एक प्रकार बाकीच्यांच्या फार पुढे आहे, असं मला तरी दिसलेलं नाही. ज्याच्या हाताला जे बसलंय त्याने ते वापरावं. मी सिलिकॉन कोरतो.

मुलाचा चेहरा पडला. महागाचं ते चांगलं हे त्याने मनात धरलं होतं आणि बापासाठी कर्ज काढायचीही तयारी ठेवली होती. मी त्याला स्ट्रोबचं चित्र पुन्हा दाखवलं. फट पुढे-मध्ये आहे, म्हणून नुसता इम्प्लांट पुरेल. हीच फट मागे रुंद असती, तंतूंची पातळी वरखाली असती, तर टायटॅनियमचा इम्प्लांट घालूनही हवा सुटतच राहिली असती. तिथे मागची छोटी कूर्चा टाक्याने फिरवून आत ओढावी लागते, तेही ऑपरेशन इस्शिकींचंच.

नस जोडण्याचा पर्यायही मी मांडला. मानेतली दुसरी एक नस लुळ्या नसेला जोडतात. त्याने तंतू हलत नाही, पण त्याला जिवंत ताण मिळतो आणि तो बारीक होत जात नाही. फळ दिसायला मात्र काही महिने जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या दोन्हींची तुलना झाली होती. रुग्ण फक्त २४ होते, पण ५२ वर्षांखालच्यांना नस जोडण्याचा आणि त्यापुढच्यांना इम्प्लांटचा जास्त फायदा दिसला. आप्पा ५५ला टेकले होते. तरुण मुलगी असती तर मी तिला पुण्या-मुंबईला पाठवून नसेचा विचार करायला लावला असता.

एक इशारा इथेच देतो, कारण यावरून विचारणारे येतात. दोन्ही तंतू लुळे पडलेल्या माणसाचा प्रश्न अगदी उलटा असतो. तिथे तंतू बहुधा मध्यरेषेजवळ अडकलेले असतात, आवाज बरा असतो आणि श्वास कोंडतो. तिथे फट बुजवायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

टेबलावर

एप्रिलच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. जळगावचा उन्हाळा तापायला लागला होता. एसी लावूनही दिव्याखाली घाम येत होता. आप्पांना गुंगी हलकी दिली होती, हाक मारली की बोलतील इतपत. डाव्या बाजूला, घाटीच्या मध्यावर, कातडीच्या घडीतच आडवा छेद घेतला. स्नायू बाजूला सारून कूर्चा उघडी केली.

या वयात पुरुषाची कूर्चा ठिकठिकाणी हाड झालेली असते. सुरी चालत नाही, बारीक ड्रिल लागतं. ड्रिल सुरू करण्याआधी आप्पांना सांगितलं, डोक्यात आवाज घुमेल, दुखणार नाही. खिडकी साधारण १२ बाय ६ मिलिमीटरची. पुढची कड मध्यरेषेपासून ८ मिलिमीटर मागे ठेवली. त्याहून पुढे गेलं तर तंतूच्या पुढच्या टोकावर दाब येतो आणि आवाज आवळलेला निघतो. खिडकीखाली तीनेक मिलिमीटरची पट्टी शाबूत ठेवावी लागते, ती मोडली तर इम्प्लांट टेकायला जागाच उरत नाही. आतलं पातळ आवरण सांभाळून सोडवलं. मग एका बोथट अवजाराने खिडकीतून आत हळूहळू दाबत गेलो आणि आप्पांना आकडे मोजायला सांगितले. चार मिलिमीटरला आवाज हवेचा. पाचला घट्ट. सातला दाबलेला, जणू कुणी गळा धरलाय. माप पाच-सहाच्या मध्ये कुठेतरी होतं.

ठोकळ्यातून ११ नंबरच्या पात्याने पाचर कापली. मागे जाड, पुढे निमुळती, आणि बाहेरच्या अंगाला खिडकीच्या कडेत अडकेल अशी खाच. पहिली पाचर बसवली. "एक, दोन, तीन, चार," आप्पा म्हणाले. आवाज होता, पण आकडे खडबडीत येत होते. दुर्बिणीत दिसत होतं की पुढचा भाग जास्त आत आलाय. काढली, पुढून अर्धा मिलिमीटर तासली, परत घातली. या कामात घाई लागते, कारण आतले भाग तासाभरात सुजतात आणि मग जो आवाज ऐकू येतो तो फसवा असतो.

आता मी त्यांना आकडे मोजायला नाही सांगितलं. म्हटलं, "आप्पा, दादरचा ढीग समोर आहे, बोली लावा." डोळे मिटलेल्या माणसाने क्षणभर थांबून सुरुवात केली. "तीन हजार... तीन हजार पंचवीस... तीन हजार पन्नास..." भुलीचे डॉक्टर हसले. आवाज मोठा नव्हता, मोठा करायला मी मनाही केली होती, पण एका श्वासात तीन आकडे येत होते आणि शेवटचा आकडा पहिल्याइतकाच घट्ट होता. मी विचारलं, कसं वाटतंय? आतून जे जाणवतं ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी अहिराणीत सांगितलं, "हाऊ बरोबर शे. हाऊच ठेवा."

सूज ओसरल्यावर थोडा ढिला पडणार, हे धरून तंतू किंचित जास्तच ढकललेला ठेवला. टाके घातले, आत साचणारं रक्त बाहेर यावं म्हणून छोटी नळी (ड्रेन) ठेवली. पूर्ण भूल देऊन हेच ऑपरेशन करणारेही आहेत आणि काही रुग्णांना ती द्यावीच लागते, पण झोपलेल्या माणसाला माप विचारता येत नाही.

नंतर

पहिली रात्र दवाखान्यातच. आत रक्त साकळलं किंवा सूज वाढली तर श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून पहिल्या रात्री रुग्णाला घरी सोडणं मला कधीच पटलेलं नाही. स्टिरॉइडची इंजेक्शनं चालू होती. रात्र शांत गेली.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, आवाजात घाबरगुंडी. टेबलावर इतका छान आलेला आवाज आता घोगरा, जाडाभरडा झाला होता. हे आधी सांगून ठेवलेलं असतं, कागदावर लिहूनही दिलेलं असतं, तरी त्या दिवशी फोन येतोच. सूज असते. पहिले काही दिवस बोलणं अगदी कमी, ओरडणं आणि कुजबुजणं दोन्ही बंद. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आवाज निवळायला लागला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या घरी लेकी माहेरी आल्या होत्या, त्यांनी फोनवरून मला आप्पांचं बोलणं ऐकवलं. मात्र खरा निकाल तीन महिन्यांनी पाहायचा असतो.

तीन महिन्यांनी "आऽऽ" चौदा सेकंद. पाण्याचा ठसका नाही. खोकला ठोस. पोतं उचलता येतं, अर्थात आता उचलायचं नाही असं घरच्यांनी ठरवलंय. खोटे तंतू आवळायची सवय मात्र लगेच गेली नाही. ती मोडायला वाचा-उपचाराच्या ताईंना आणखी दोन-अडीच महिने लागले. इम्प्लांट बसला की काम झालं असं समजून हा भाग टाळणारे रुग्ण मी पाहतो, आणि त्यांचाच आवाज शेवटी अर्धवट राहतो.

आणि लिलाव? पूर्वीची पट्टी परत आली नाही. दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने बोललं की आवाज थकतो, वरचे सूर फाटतात. इम्प्लांटने तंतू जागेवर येतो, हलत नाही, आणि त्याला ताण देण्याचं काम करणारी नस अजूनही मेलेलीच आहे. बाजार समितीने हातात धरायचा छोटा लाउडस्पीकर दिला, त्यावर सकाळचे निम्मे ढीग आप्पा काढतात, उरलेले त्यांच्या हाताखाली तयार झालेला पोऱ्या. मुलाला हा निकाल कमी वाटतो. त्याच्या डोक्यातून ते शंभर टक्के अजून गेलेलं नाही. आप्पांना विचाराल तर ते पाण्याबद्दल आधी बोलतात. उन्हाळ्यात तांब्याभर पाणी एका दमात पिता येतं, हे त्यांच्या लेखी आवाजाइतकंच मोठं आहे.

छातीतल्या जुन्या व्रणासाठी वर्षाने पुन्हा स्कॅन ठरला आहे, कारण कारणाचा निकाल लागलेला नाही आणि तंबाखूचा इतिहास पुसला जात नाही. डावा तंतू काही वर्षांत आणखी बारीक झाला तर वरून थोडी जेल किंवा चरबी टोचता येईल, किंवा पाचर बदलता येईल. ती काढताही येते. सिलिकॉन असल्यामुळे एमआरआयला अडचण नाही. त्यांच्या खिशात एक कार्ड दिलं आहे: डाव्या बाजूला थायरोप्लास्टी झालेली आहे, कधी पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर भुलीच्या डॉक्टरांनी नेहमीपेक्षा लहान नळी वापरावी. कार्ड मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही आहे, आणि त्याची एक प्रत मुलाच्या पाकिटात.